विलेमस्टाडला पूल उघडला तेव्हा

वैशालीनं मला मुहर्रकच्या विमानतळावर सोडलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि गाडीतला आकडा एकोणचाळीस अंश दाखवत होता. मे महिन्याचा मध्य. बहारीनमध्ये या दिवसांत माणसं एसीतून गाडीत आणि गाडीतून एसीत, एवढाच प्रवास करतात. मी मात्र निघालो होतो पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला, कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव नावाच्या बेटावर, त्याच्या राजधानीत, विलेमस्टाडला. आमची मुलगी ऋजुता वर्षभरापासून तिथे नोकरी करते.

"नीट बघून या," वैशाली म्हणाली. "लगेच काही बोलू नका."

"मी काय बोलणार आहे?"

"तेच म्हणतेय."

वैशाली इथल्या एका शाळेत शिकवते. जून उजाडेपर्यंत तिला रजा नाही, म्हणून मी एकटा. मी मूळचा पेणचा. सत्तावीस वर्षं बहारीनच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट विभागात काढली आणि तेवढीच वर्षं गुदैबियातल्या एकाच फ्लॅटमध्ये. ऋजुता त्याच फ्लॅटमध्ये वाढली. पुढे ती पाण्याचं शास्त्र शिकायला हॉलंडला गेली, तिथे तिला कुरासावचा गिल्मार भेटला, आणि शिक्षण संपल्यावर दोघं त्याच्या बेटावर नोकरीला लागली. गिल्मारशी लग्न करायचं आहे हे तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी नाही म्हणालो नाही. हो पण म्हणालो नाही. 'बघू' म्हणालो आणि फोन वैशालीच्या हातात दिला. त्या 'बघू'ला चार महिने झाले होते. शेवटी तिनंच लिहिलं, मे महिन्यात या. मोठ्या पर्यटक बोटींचा हंगाम संपलेला असतो, हॉटेलं रिकामी असतात, तिकिटं उतरलेली असतात, आणि आम्हाला तुमच्यासाठी वेळ असतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऋजुताला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. तेव्हा तिची वाक्यं मी इथे मराठीत लिहिली असली तरी ती तिनं इंग्रजीत म्हटली आहेत असं समजावं. जिथे मराठी आली, तिथे मी तसं सांगेन.

ॲमस्टरडॅमला एक रात्र काढून विमान बदललं. तिथून पुन्हा साडेनऊ तास नुसता अटलांटिक. संध्याकाळच्या उन्हात बेट दिसलं तेव्हा मला वाटलं, आपण चुकून परत बहारीनलाच आलो. तीच करडी, कोरडी जमीन, तसाच चपटा किनारा. फक्त खजुराच्या जागी निवडुंग होते, माणसापेक्षा उंच. मग विमान वळलं आणि शहराच्या पोटात शिरलेला एक मोठा उपसागर दिसला. त्याच्या काठाला टाक्या, पाइपांच्या रांगा, चिमण्या. रिफायनरी. माझी नजर आपोआप फ्लेअर (जादा वायू जाळणारी उंच ज्योत) शोधायला गेली. ज्योत नव्हती. एवढा मोठा पसारा आणि कुठेही धूर नाही, वाफ नाही. मी खिडकीला नाक लावून तो पसारा पार मागे पडेपर्यंत बघत राहिलो. शेजारच्या बाईंना वाटलं असेल, याला समुद्र आवडला.

बॅगांच्या पट्ट्यावर माझी बॅग आली नाही. काउंटरवरच्या मुलीनं कॉम्प्युटरात बघून शांतपणे सांगितलं की ती अजून ॲमस्टरडॅमलाच आहे, दोन दिवसांत येईल. बॅगेत माझे सगळे कपडे होते आणि मुहर्रकच्या बाजारातून घेतलेला केशर-बदामाचा बहारीनी हलवा. म्हणजे मुलीच्या होणाऱ्या सासरी मी रिकाम्या हातानं आणि घामेजल्या शर्टानं हजर झालो.

ऋजुता बाहेर उभी होती. वाळली होती, काळवंडली होती, आणि छान दिसत होती. तिच्यामागे एक उंच, सावळा मुलगा, हातात चाव्या फिरवत. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "बॉन बिनी," तो म्हणाला (बॉन बिनी म्हणजे या, यावं). बॅगेचं कळल्यावर त्यानं मला पायांपासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाला, "माझे शर्ट तुम्हाला होतील, सर. जरा रंगीत आहेत."

जरा नव्हे, भरपूर रंगीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिवळ्या पोपटांच्या शर्टात गेस्टहाउसच्या अंगणात चहा पीत बसलो होतो. बारा खोल्यांच्या त्या घरात माझ्याखेरीज एक डच जोडपं आणि तीन सरडे, एवढीच वस्ती. दारातला गुलमोहर नुकता फुलायला लागला होता. वारा मात्र थांबत नव्हता. हा वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. झाडंसुद्धा एकाच बाजूला केस विंचरल्यासारखी वाकलेली. ऊन कडक, पण वाऱ्यामुळे अंगाला लागत नाही, आणि संध्याकाळी कळतं की मान भाजून निघाली आहे.

मी पेल्यात ओतून पाणी प्यायलो आणि चव ओळखीची लागली. ऋजुता न्यायला आली तेव्हा तिला विचारलं तर ती हसली. "समुद्राचंच आहे, बाबा. या बेटावर नदी नाही. खारं पाणी गोडं करतात. मी तेच तर काम करते." बहारीनला आम्ही सत्तावीस वर्षं तसलंच पाणी पितो. मुलगी इतक्या लांब येऊन तेच पाणी पितेय याचं मला उगाच बरं वाटलं.

विलेमस्टाड शहराचे दोन भाग आहेत. समुद्रातून उपसागराकडे जाणाऱ्या एका रुंद खाडीच्या अल्याड पुंडा आणि पल्याड ओत्रोबांदा. ओत्रोबांदाचा अर्थच मुळी 'पलीकडची बाजू'. पुंडाच्या काठावर जुनी डच घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत, पिवळी, गुलाबी, निळी, मोरपंखी. दोन्ही काठांना जोडणारा पूल होड्यांवर तरंगतो. त्यावरून चालताना पायाखालच्या फळ्या हलक्याशा हलतात. पहिल्यांदा मी कठड्याला धरलं. माझ्या पुढून एक बाई डोक्यावर टोपली आणि कानाला फोन, अशा गप्पा मारत गेल्या. मग मीही कठडा सोडला.

पुंडाच्या बाजारात गिल्मारनं मला पास्तेची खायला दिली. बघताच ओळखलं, करंजी. आत सारणाच्या जागी खारं मासळीचं मिश्रण, कडा अगदी कातण्यानं कातराव्यात तशा. मी दोन खाल्ल्या. ऋजुता विक्रेतीशी काहीतरी बोलत होती, मान वेळावत, हात हलवत. त्या बेटाची भाषा पापियामेंतू. पोर्तुगीज, स्पॅनिश, डच आणि आफ्रिकेतल्या भाषा एका भांड्यात शिजून झालेली. विक्रेती काही म्हणाली, ऋजुता काही म्हणाली, दोघी खो खो हसल्या. विक्रेतीनं तिला एक पास्तेची वर दिली.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"चुकीचं काहीतरी म्हणाले. मला 'गरम' म्हणायचं होतं, दुसरंच झालं."

दुपारी जेवायला गिल्मारच्या आजोबांकडे गेलो. गिल्मारचे आईवडील रॉटरडॅमला असतात. त्याला वाढवलं आजोबांनी. वेलो (आजोबा) असंच सगळे त्यांना म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. ओत्रोबांदाच्या एका चढणीच्या गल्लीत त्यांचं घर. वय ऐंशीच्या आसपास, पाठ ताठ, पांढरी दाढी, आणि हात असे की पाहताक्षणी माझ्या लक्षात आलं हा माणूस कागदावर काम केलेला नाही. ते चौतीस वर्षं त्या रिफायनरीत पाइपफिटर होते. बायको जाऊन सहा वर्षं झाली. स्वयंपाक स्वतः करतात.

त्यांनी पिस्का कोरा तळला होता. म्हणजे आपला तांबोसा. पेणच्या माणसाला तांबोसा दिसला की देश-विदेश राहत नाही. बरोबर फुंची, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, वड्या पाडलेली. आणि भेंडीचं एक बुळबुळीत सूप, ते घोटायला त्यांच्याकडे लाकडी रवी होती. रवीच. तीन दात्यांची, दोन तळहातांत घुसळायची. मी ती हातात घेऊन बघत होतो तर वेलो म्हणाले, "कोमे, कोमे." जेवा, जेवा.

सगळं चांगलं होतं. बिनसलं ते असं. ऋजुता वेलोंच्या शेजारी बसली होती आणि त्यांच्याशी अखंड बोलत होती. पापियामेंतूत. अडखळत, चुकत, शब्द शोधत. मधेच अडली की वेलो मान पुढे करून वाट बघत. ती काटे काढून त्यांच्या ताटात मासा ठेवत होती आणि त्यांच्या भाषेत सांगत होती, बहुधा काटा आहे, जपून. मी समोर बसून तांबोसा चिवडत होतो. वर्षभरात माझ्या मुलीनं या म्हाताऱ्यासाठी एक अख्खी भाषा उचलली. माझ्या आईशी, पेणला, ती 'हाय आजी' आणि 'बाय आजी' यापलीकडे कधी गेली नाही. आई जाईपर्यंत दोघींच्या मध्ये वैशाली दुभाषी म्हणून बसायची.

वैशालीनं बजावलं होतं, बोलू नका. संध्याकाळी आम्ही दोघंच समुद्राकाठच्या भिंतीवर बसलो आणि मी बोललो.

"या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलायला बरं जमतं तुला. आमच्याशी कधी नाही बोललीस."

लाटा दगडांवर आपटून आमच्या चपलांवर तुषार उडवत होत्या.

"वेलोंना इंग्रजी येत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला येतं."

"आजीला कुठे येत होतं?"

"मी बोलायचे, बाबा. नऊ वर्षांची होईपर्यंत बोलायचे. आठवतं का, मंडळाच्या गणपतीत मी भाषण केलं होतं?"

मला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं.

"आईनं लिहून दिलं होतं. मी पाठ केलं होतं. पण स्टेजवर गेल्यावर विसरले, म्हणून मनानं बोलले." आणि मग ते वाक्य ती मराठीत म्हणाली, जसंच्या तसं. "माझी बाबा रिफायनरीत काम करते."

आता आठवलं. हॉल हसला होता. सगळ्यांत मोठ्यानं मी.

"तेवढ्यानं काही नव्हतं," ती म्हणाली. "पण तुम्ही ते सगळ्यांना सांगत राहिलात. पाहुणे आले की सांगायचात. माझ्या वाढदिवसालासुद्धा सांगितलंत, मी तिथे केक घेऊन उभी असताना. तुमचे मित्र मला विचारायचे, तुझी बाबा घरी आहे का? मग मी ठरवलं, इंग्रजीत मी चुकत नाही, तर इंग्रजीतच बोलायचं."

मी म्हणालो, "अगं, ते कौतुक होतं."

"असेल," ती म्हणाली, आणि उठून मला गेस्टहाउसपर्यंत सोडायला आली. त्या रात्री मी त्या बारा खोल्यांच्या घरात बराच वेळ जागा होतो. कौतुक होतं का? थोडं होतं. थोडं असंही होतं की पाहुण्यांपुढे मला विनोदी माणूस म्हणवून घ्यायला आवडायचं आणि ते वाक्य हमखास चालायचं.

तिसऱ्या दिवशी दोघांनी अर्धी रजा घेतली होती. पुंडातून ओत्रोबांदाला निघालो, मी, वेलो, आणि पुढे ती दोघं. ती भरभर चालत पूल ओलांडून पलीकडे पोहोचली. आम्ही मध्यावर होतो. तेवढ्यात घंटा वाजायला लागली. लोक पळायला लागले. मीही पळणार होतो, तर वेलोंनी माझं मनगट धरलं.

"वार्दा," ते म्हणाले. थांब.

दोन्ही टोकांची फाटकं बंद झाली. पुलाच्या एका टोकाला इंजिनाची खोली आहे. तिथून घरघर सुरू झाली, आणि अख्खा पूल, आमच्यासकट, पुंडाचा काठ सोडून एखाद्या दारासारखा उघडत ओत्रोबांदाच्या काठाकडे फिरू लागला. रंगीत घरं हळूहळू लांब जाऊ लागली. पुलावर आमच्याखेरीज आठदहा माणसं होती, ती निवांत कठड्याला टेकली. वेलोंनी वर बोट दाखवलं. झेंडा निळा होता. नारिंगी झेंडा म्हणजे होडी जाईपर्यंत थोडा वेळ. निळा म्हणजे मोठं जहाज, बसा निवांत.

ऋजुता काठावरून हात हलवत होती. माझ्या शेजारी एक बाई होत्या, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या. त्यांनी तिच्याकडे बोट करून मला काही विचारलं. ओळखीची का, असं असावं. सकाळीच मी गिल्मारकडून एक वाक्य शिकलो होतो. मोठ्या ऐटीत म्हणालो, "मी मुहे."

बाई आधी दचकल्या. मग त्यांनी तोंडाला पदरासारखा रुमाल लावला आणि हसू लागल्या. पलीकडच्या माणसाला त्यांनी सांगितलं, तो हसला, त्यानं पुढच्याला सांगितलं. मी काय म्हणालो होतो? 'यू मुहे' म्हणजे मुलगी, नुसतं 'मुहे' म्हणजे बायको, आणि 'मी' म्हणजे माझी. मधला 'यू' मी गाळला होता. त्या भर उन्हात, पोपटांच्या शर्टात, मी सगळ्या पुलाला सांगितलं होतं की ती काठावरची पंचविशीतली पोरगी माझी बायको आहे.

त्या माणसांच्या मनात काही वाईट नव्हतं. मला ते कळत होतं. तरी माझे कान तापले, आणि पुढचं वाक्य, जे मला येत होतं, ते मी म्हटलंच नाही. मी सत्तावन्न वर्षांचा आहे. ती नऊ वर्षांची होती आणि तो हॉल माणसांनी भरलेला होता.

वेलो हसले नाहीत. ते काठाकडे बघत, अगदी सहज, जणू आमचं बोलणं चालूच आहे अशा सुरात म्हणाले, "सी. बो यू मुहे." हो, तुझी मुलगी. 'यू'वर किंचित जोर. बस्स एवढंच. माझी चूक त्यांनी काढली नाही. बरोबर शब्द माझ्यासमोर ठेवला आणि पुढे गेले.

जहाजाला यायला वेळ होता. वेलोंना इंग्रजी येत नाही असं ऋजुता म्हणाली होती, ते पूर्ण खरं नव्हतं. त्यांना पन्नासेक इंग्रजी शब्द येत होते आणि ते सगळे रिफायनरीतले होते. मी त्यांच्या उजव्या हाताच्या अर्ध्या करंगळीकडे पाहिलं. त्यांनी ती वर केली. "फ्लँज," ते म्हणाले (फ्लँज म्हणजे पाइपांचा जोड). मी माझ्या कोपराजवळचा भाजल्याचा डाग दाखवला. "स्टीम लाइन." त्यांनी जीभ चुकचुकवली. मग आमची गाडी सुरू झाली. गॅस्केट, बायपास, नाइट शिफ्ट, ओव्हरटाइम, शटडाउन. एकेक शब्द ते टाकायचे आणि मी मान डोलवायचो, आणि प्रत्येक शब्दामागे एक अख्खी गोष्ट आहे हे दोघांनाही ठाऊक असायचं. शटडाउन म्हणून ते उपसागराकडे वळले, त्या विझलेल्या चिमण्यांकडे, आणि हात उघडून दाखवला. त्यावर माझ्या तोंडून बहारीनचाच शब्द गेला, "खलास." त्यांना तो बरोबर कळला.

जहाज आलं. पुढे ओढून नेणारी छोटी टग, मागे काळंभोर धूड, आमच्या डोक्यावरून सावली टाकत गेलं. डेकवरच्या एका खलाशानं हात केला. पाणी पुलाखाली डचमळलं आणि फळ्या वरखाली झाल्या. वेलोंनी माझ्या दंडाला धरलं, बहुधा माझ्यापेक्षा स्वतःच्या तोलासाठी.

मग त्यांनी काठावरच्या त्या दोघांकडे बोट दाखवलं. गिल्मार उकिडवा बसून ऋजुताच्या चपलेचा तुटलेला पट्टा बघत होता आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवून एका पायावर उभी होती.

"प्रेशर टेस्ट," वेलो म्हणाले. "टू इयर. नो लीक."

मी हसलो.

मग त्यांनी हवेत सही केल्यासारखं बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पापा. सिग्नेचर?"

रिफायनरीत कुठलंही काम पुरं झालं की कागदावर कुणाची तरी सही लागते. सही करणारा म्हणतो, मी पाहिलं, ठीक आहे, चालू करा. चार महिने मी हेच करत होतो, सही न करता कागद टेबलावर ठेवून बसलो होतो. पण त्या क्षणी मला वाटलं, हा कागद माझ्या टेबलावर कुणी ठेवला? मी मान हलवली आणि तिच्याकडे बोट केलं. "सिग्नेचर, शी," मी म्हणालो. "मी फक्त हेल्पर."

वेलोंनी थोडा विचार केला. "ओके," ते म्हणाले. "मी टू. हेल्पर." आणि माझ्या पोपटांवरून पाठीत एक दणका दिला.

पूल परत जागेवर यायला पाऊण तास लागला. फाटक उघडल्यावर ऋजुता पुलावर आली, पट्टा तुटलेली चप्पल हातात. म्हणाली, "घाबरलात?"

मी तिला बाजूला घेतलं. वेलो आणि गिल्मार पुढे गेले. मी म्हणालो, "रुजू, तेव्हा मी हसायला नको होतं. आणि नंतर सांगत फिरायला तर अजिबात नको होतं. कौतुक होतं असं काल म्हणालो, ते पूर्ण खरं नाही. मला मजा वाटायची. तुला काय वाटतंय ते मी पाहिलंच नाही."

तिनं माझी उलटी वळलेली कॉलर सरळ केली. "चला," म्हणाली, "वेलो एकटे चढ चढायला लागलेत." एवढंच. मी आणखी कशाची अपेक्षा केली नव्हती, असं म्हणणं खोटं होईल. पण मी तिच्यामागून चालू लागलो.

त्याच संध्याकाळी बॅग आली. हलव्याचा डबा एका बाजूनं चेपला होता. वेलोंनी चमचाभर खाल्ला, डोळे मिटले, मग उठून फडताळातून चीजचा तुकडा आणला आणि हलव्यावर ठेवून खाल्ला. मला पण दिला. मी मनात मुहर्रकच्या हलवायाची माफी मागितली आणि तोंडात टाकला. सांगायला संकोच वाटतो, पण चांगला लागतो.

पुढचे तीन दिवस आम्ही बेट फिरलो. ओसाड डोंगर, शेळ्यांचे कळप, वाऱ्यानं आडवी केलेली झाडं. पश्चिमेकडे जुनी मिठागरं आहेत. पेणच्या माणसाला मिठागरं काय दाखवायची, असं मी म्हणत होतो, पण ही मिठागरं गुलाबी होती आणि त्यांत रोहित (फ्लेमिंगो) उभे होते. पर्यटक कुणी नाही. आम्ही तिघं आणि वारा. गिल्मार गाडीत पाण्याची बाटली आणायला गेला. ऋजुता माझ्या शेजारी उभी होती. ती हळू आवाजात म्हणाली, मराठीत म्हणाली,

"बाबा, ती पक्षी बघा. सगळे एक पायावर उभी आहे."

मी पक्ष्यांकडे बघत राहिलो. तिच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

"हो गं," मी म्हणालो. "किती असतील?"

ती मोजू लागली. बोटानं, ओठ हलवत. एक, दोन, तीन. वीसपर्यंत नीट गेली. पुढे सावकाश. "सत्तावीस... अठ्ठावीस..." आणि थांबली. मला शब्द माहीत होता. तो माझ्या जिभेवर होता. मी वेलोंसारखी वाट बघितली.

तिनं माझ्याकडे वळून विचारलं, "ट्वेंटी-नाइन?"

"एकोणतीस."

"एकोणतीस," ती म्हणाली. "तीस. एकतीस. बाबा, एक उडाला."

"मग किती राहिले?"

"तीस," ती म्हणाली, आणि गिल्मार बाटली घेऊन आला तेव्हा त्याला तीस हा शब्द शिकवू लागली. त्याला तो 'तीश' असा जमला. आम्ही दोघांनीही तो तसाच राहू दिला.

निघायच्या दिवशी वेलो विमानतळावर आले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. पोपटांचा शर्ट मी धुऊन परत करायला गेलो तर गिल्मार म्हणाला, तुमच्याकडेच ठेवा. ऋजुतानं मिठी मारली आणि कानात म्हणाली, "पोहोचलात की फोन कर." 'पोहोचलात' आणि 'कर'. म्हणजे अर्धं वाक्य आदरानं आणि अर्धं अरेतुरेनं. मी म्हणालो, करतो.

बहारीनला उतरलो तेव्हा शुक्रवारची सकाळ होती. दार उघडल्याबरोबर भट्टीसारखी हवा तोंडावर आली, चष्मा धुकट झाला. वैशाली गाडी घेऊन उभी होती. गाडी तिनं घराकडे न नेता अरादच्या किनाऱ्याकडे वळवली. शुक्रवारी तिथे पार्किंग मोकळं असतं. इंजिन आणि एसी चालू ठेवून आम्ही पाण्याकडे तोंड करून बसलो. ओहोटी होती. लांब चिखलात बगळे फिरत होते.

"सांगा," ती म्हणाली.

मी पहिल्यापासून सांगितलं. गणपतीतल्या भाषणाचंही. तिनं मधे एकदाच तोंड उघडलं. म्हणाली, "मला माहीत होतं. तुम्हाला दोनदा सांगितलं होतं मी." तेही मला आठवत नव्हतं.

प्रवासाला जाताना मी समजत होतो की एका मुलाला, त्याच्या घराला, त्याच्या बेटाला पारखायला चाललोय. बेट कुणाच्या पारखण्यासाठी थांबलेलं नसतं. ऋजुतानं मला परवानगीसाठी बोलावलंच नव्हतं. ती कुठे राहते, काय पिते, कुणाशी कशी बोलते हे मी डोळ्यांनी पाहावं, एवढंच तिला हवं होतं. आपली मुलं आपल्याला अशी बोलावतात तेव्हा आपण लगेच निघावं. चार महिने 'बघू' म्हणत बसू नये.

"मग काय म्हणालात शेवटी?" वैशालीनं विचारलं. "लग्नाचं?"

"ते ठरलेलंच आहे. त्यांना म्हणालो, डिसेंबरात बहारीनला या सगळे. हवा चांगली असते."

"आजोबासुद्धा?"

"तेसुद्धा."

मग तिनं गिअर टाकला आणि आरशात मागे बघत गाडी काढायला लागली.

"तिखट खातात का ते?" तिनं विचारलं.

"खातात."

"आणि सुरमई?"

"वैशाली, ते काहीही खातात. हलव्यावर चीज घालून खातात."

"बरं," ती म्हणाली. "मग मागची खोली त्यांना देऊ. तिथे वारा येतो."

आमच्या मागच्या खोलीत वारा येत नाही. खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक आहे. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.